माळरानावरचे मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

होस्टेलवर मेसच्या जेवणानंतर सर्वात जास्त चर्चा कशाची होत असेल, तर ती प्लेसमेंटची. कोणती कंपनी आली, किती जणांना घेतले, ॲप्टिट्यूडचा कट-ऑफ कितीला लागला, याचे हिशेब रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालतात. आणि दरवर्षी एक तक्रार हमखास कानावर येते, की कंपन्यांना कुशल माणसे मिळत नाहीत. एखाद्या एमआयडीसीत चक्कर मारा, तिथेही हेच रडगाणे. जागा आहेत, मशिन्स आहेत, पण जवळपासच्या गावातल्या पोरांना काम येत नाही, म्हणून माणसे बाहेरून आणावी लागतात.

मित्रांनो, ही तक्रार काही आजची नाही. शंभर वर्षांपूर्वीही ती होती, आणि तेव्हा तर आयटीआय नव्हत्या, डिप्लोमा कॉलेजेस नव्हती, गावात वीज नव्हती. अशा वेळी एका मराठी माणसाने निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना काढला. त्याला लागणारी माणसे बाजारात तयार मिळणार नव्हती. मग त्याने आजूबाजूला जी माणसे होती, त्यांनाच हाताशी धरून शिकवले. त्यांच्यात शाळा अर्धवट सोडलेला मुलगा होता आणि तुरुंगातून सुटून आलेलेही होते. त्या माणसाचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आपल्यापैकी बऱ्याच जणांना किर्लोस्कर हे नाव पंपावरून आणि इंजिनावरून माहीत असते. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा माहीत नसतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेतल्या पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन कधी रमले नाही. आवडीच्या गोष्टी दोनच, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे. घरात नोकरी-पेशाचे वळण, त्यामुळे हे दोन्ही नाद पोटापाण्याचे वाटत नव्हते. थोरले बंधू रामुअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक भलतीच अडचण समोर आली. दोनेक वर्षांनी ध्यानात आले, की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला अंशतः रंगांधळेपणा! आजच्या भाषेत सांगायचे तर मेडिकलमध्येच फेल. रंगचित्रे सुटली. पण रेषा सुटली नाही. यांत्रिक आरेखनाला, म्हणजे आपल्या मशीन ड्रॉइंगला, रंग लागत नाहीत. तिथे लागते ती नजर, हात आणि अंदाज. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि त्यात इतके तयार झाले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंगचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना नोकरी लागली. हीच संस्था आज आपण व्हीजेटीआय म्हणून ओळखतो. १९९७ पासून तिच्या नावात वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे.

इथे थोडे थांबायला हवे. ड्रॉइंगची शीट म्हटली की आपल्याला काय आठवते? सबमिशनची आदली रात्र, खाली ट्यूबलाइट, वर काच आणि काचेवर मित्राची शीट. जी.टी. मारून वेळ निभावते. पण लक्ष्मणरावांसाठी ड्रॉइंग ही यंत्राची भाषा होती. ती त्यांना लिहिता येत होती, वाचता येत होती आणि, पुढे सर्वात महत्त्वाचे ठरले ते म्हणजे, दुसऱ्याला शिकवता येत होती. शिकवता शिकवता संस्थेतल्या वर्कशॉपमधली यंत्रे हाताळायची, परदेशी मासिके आणि कॅटलॉग वाचून काढायचे, हा त्यांचा उद्योग चालू राहिला. पदवी नव्हतीच. जे काही आले ते बघून, वाचून आणि हात काळे करून आले.

त्याच दिवसांत मुंबईत सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणरावांनी ते पाहिले आणि बेळगावला रामुअण्णांना सांगून सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईतून सायकली पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी वाटणी होती. सन १८८८. किर्लोस्कर उद्योगाचा प्रारंभ याच वर्षापासून मोजतात. एका सायकलीची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपये, म्हणजे ती श्रीमंतांचीच चैन. यातली गंमतीची गोष्ट अशी, की रामुअण्णा नुसती सायकल विकत नसत, पंधरा रुपये फी घेऊन ती चालवायलाही शिकवत. ज्या वस्तूवर बसता येत नाही ती कोण घेणार? वस्तू खपवायची तर ती वापरायला शिकवावीही लागते, हा धडा किर्लोस्कर बंधूंनी धंद्याच्या पहिल्याच पायरीवर गिरवला.

इकडे मुंबईत मास्तरकी चालू होती. बढतीची वेळ आली तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. इंग्रजांचे राज्य, दाद कुणाकडे मागणार? लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. आधी डोळ्यांनी नापास केले, मग साहेबाने. पुढच्या आयुष्यात या माणसाने कुणालाही पहिल्याच नजरेत नापास केले नाही. मला वाटते, त्याचे मूळ या दोन अनुभवांत असावे.

दोन वर्षे न खपलेला नांगर

बेळगावात सायकलीचे दुकान होतेच. ज्या रस्त्यावर ते होते त्याला पुढे किर्लोस्कर रोड हे नाव पडले. दुकानाच्या जोडीला लक्ष्मणरावांनी लहानसा कारखाना थाटला. पहिले उत्पादन कडबा कापायच्या यंत्राचे. गुरांसमोर अख्खा कडबा टाकला की निम्मा वाया जातो, कापून टाकला की वाचतो. पाठोपाठ लोखंडी नांगर आला. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन वरवर खरवडायचा. हरळी-कुंद्यासारखे खोल मुळांचे तण उपटायचे तर माती खोलवर पलटायला हवी, आणि ते काम लोखंडी नांगराचे. इंग्लंडहून आलेले नांगर बाजारात होते. तसाच नांगर इथे आपल्या कारखान्यात करायचा, हे लक्ष्मणरावांनी मनावर घेतले.

नांगर तयार झाला. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. आपल्याला हसू येते खरे, पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. वर्षाचे पीक एका अनोळखी अवजाराच्या भरवशावर कोण सोडील? पुन्हा ते मोडले तर गावच्या सुताराला दुरुस्त करता येणार नाही. म्हणजे तिथेही मुद्दा शिकवण्याचाच होता. शेतात जाऊन नांगरून दाखवल्याशिवाय आणि सुटे भाग मिळतील अशी खात्री पटवल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

कुठे जरा बस्तान बसते आहे तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा घेतली. यंत्रे, माणसे, उधारी आणि न खपलेला माल घेऊन जायचे कुठे? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. हे स्वतः चित्रकार, कलांचे भोक्ते आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, शिवाय भांडवलासाठी कर्जही. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल गावाजवळची ३२ एकर जमीन. कारण अगदी व्यवहारी होते. शेजारून रेल्वे जात होती आणि कुंडल रोड स्टेशन हाकेच्या अंतरावर होते. कच्चा माल उतरवायला आणि नांगर चढवायला रूळ जवळ हवा. आज हा भाग सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतो, आणि पुणे-मिरज मार्गावरच्या त्या स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी आहे.

निवडुंगाचे रान

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तिथे पोहोचले. समोर काय होते? ओसाड माळ, माणसाच्या उंचीचा निवडुंग आणि त्यात नाग. सोबत होती पंचविसेक कामगारांची कुटुंबे. आधी रान साफ करायचे, मग राहायला निवारा, मग यंत्रांना छप्पर, अशी सुरुवात.

या पहिल्या फळीतली माणसे पाहिली की लक्ष्मणरावांची माणसे निवडण्याची रीत कळते. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभोराव जांभेकर हे यंत्रांची नड भागवणारे. यंत्र अडले की तेच, आणि वाडीत कुणी आजारी पडला की औषधपाणी करणारेही तेच. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळत. के. के. कुलकर्णी गावोगाव फिरून माल खपवत. अनंतराव फळणीकर हा शाळा अर्धवट सोडलेला मुलगा, तो याच वाडीत घडला आणि कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजला. आपल्याकडे एटीकेटी लागली तरी घरी तोंड दाखवायची चोरी होते. फळणीकरांच्या हाती कुठलाही कागद नव्हता. त्यांना विचारले गेले असेल ते एवढेच, की काय करून दाखवता.

त्यांच्यामागे उभे होते आसपासच्या गावांतले लोक. कुणी शेतकरी, कुणी शेतमजूर, कुणी सुतार, कुणी लोहार. त्या काळी खेड्यात लिहिता-वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्यासारखी. दिवस सूर्यावर चालायचा, हंगाम पावसावर. अशा माणसांकडून एकसारखे शेकडो नांगर करून घ्यायचे होते.

शेतकऱ्याचा मोल्डर होताना

हे काम किती अवघड होते ते समजून घ्यायला आपले फर्स्ट इयरचे वर्कशॉप उपयोगी पडेल. फाउंड्रीच्या प्रॅक्टिकलला आपण वाळूत पॅटर्न दाबतो, कोप-ड्रॅग उघडतो, जर्नल लिहितो आणि हात झटकून कँटीनला जातो. ओतकाम खरेच करायचे म्हटले की पावला-पावलाला कौशल्य लागते.

आधी पॅटर्न. तो लाकडाचा, म्हणून काम सुताराचे. गावचा सुतार हाताने तयार असतोच, पण त्याला एक नवी गोष्ट शिकावी लागते. बीड थंड होताना आकसते, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणजे पॅटर्न हव्या त्या मापाचा करून चालत नाही, तो तेवढा मोठा ठेवावा लागतो. शिवाय वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो. बैलगाडीचे चाक डोळे मिटून करणाऱ्या सुताराला हे समजावून सांगायचे, तर त्याच्या कारागिरीचा मान ठेवून सांगावे लागते.

मग वाळू. ओलावा कमी झाला तर साचा ढासळतो, जास्त झाला तर वाफ कोंडून ओतीव भागात पोकळ्या राहतात. हे प्रमाण पुस्तकात आकड्यांनी दिलेले असते, कामगाराला मात्र ते मुठीत कळावे लागते. वाळू मुठीत दाबायची, गोळा मोडायचा आणि कसा मोडतो ते बघायचे. गंमत म्हणजे शेतकऱ्याचा हात इथे आपल्यापेक्षा सरस. वाफसा आला की नाही हे ढेकूळ हातात घेऊन ओळखणे हे तर त्याचे पिढीजात काम.

त्यानंतर भट्टी. बीड वितळायला साधारण बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. थर्मामीटर नाही, पायरोमीटर नाही. रसाच्या रंगावरून अंदाज बांधायचा. उशीर झाला तर रस पळीतच गोठायला लागतो, आणि चूक झाली तर हातपाय भाजतात.

आणि शेवटी फाळ, हा तर खरी परीक्षा पाहणारा भाग. तो मऊ राहिला तर चार दिवसांत झिजतो, सगळाच कडक झाला तर दगडाला लागून तुकडा उडतो. यावर तोड म्हणजे एक बाजू चटकन थंड करून फक्त तेवढाच थर कठीण करायचा. चिल्ड कास्टिंग म्हणून मेटलर्जीच्या व्हायव्हात जे विचारतात तेच हे. इंग्लंडमध्ये रॅन्समने फाळासाठी या युक्तीचे पेटंट १८०३ मध्येच घेतले होते. युक्ती जगाला ठाऊक होती, पण ती इथल्या वाळूत, इथल्या कोळशावर, इथल्या माणसांच्या हातून साधायला हवी होती. तंत्रज्ञान विकत आणता येते, हातोटी इथेच मुरावी लागते.

पण माझ्या मते याहून कठीण गोष्ट वेगळीच होती. गावचा लोहार प्रत्येक कामात भाग भागाला जुळवून घेतो. बोल्ट जरा जाड झाला, तर भोक मोठे करतो. त्यात चूक काहीच नाही, त्याचे गिऱ्हाईक समोरच बसलेले असते. कारखान्यात हे चालत नाही. दूरच्या गावातल्या शेतकऱ्याने पत्र पाठवून नवा फाळ मागवला, तर रेल्वेने गेलेला तो फाळ त्याच्या जुन्या नांगराला पहिल्याच फटक्यात बसला पाहिजे. नाहीतर दोन वर्षे मेहनतीने मिळवलेला विश्वास एका बोल्टपायी गेलाच म्हणून समजा. इंटरचेंजेबिलिटी हा शब्द आपण पाठ करतो. पण आपण करतो तो भाग आपण कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या भागाला जुळायला हवा, ही कल्पना डोक्यात रुजवणे म्हणजे माणसाची विचार करायची पद्धतच बदलणे. ठरल्या वेळी कामावर येणे, माप घेतल्याशिवाय पुढे न जाणे, बिघडलेला तुकडा न लपवणे, हे सगळे त्यातच आले.

म्हणून मला लक्ष्मणरावांचे मास्तर असणे फार महत्त्वाचे वाटते. नुसता भांडवलदार असता तर त्याने मुंबईहून चार मिस्त्री आणले असते आणि गावकऱ्यांना पाट्या उचलायला ठेवले असते. ड्रॉइंग शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला समोरच्याला येत नाही याचा अर्थ अजून शिकवलेले नाही असा दिसतो.

चोरांच्या हाती पहारा

किर्लोस्करवाडीची सर्वात गाजलेली गोष्ट तिथल्या रखवालदारांची. माळावरच्या नव्या वस्तीला रात्री चोरांचे भय होते. लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले ते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना. त्या काळात जातच आडनावासारखी माणसाला चिकटत असे, तशीच ही नावे नोंदली गेली आहेत. दोघेही शिक्षा भोगून आलेले. गावोगाव ज्यांच्या नावाने दारे लागत, त्यांच्याच हाती वाडीचा पहारा दिला. आणि त्यांनी तो इमानाने सांभाळला.

याच्याकडे नुसती चांगुलपणाची गोष्ट म्हणून बघू नये. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती. एकदा शिक्का बसला की काम नाही, काम नाही म्हणून पुन्हा चोरी, असे ते चक्र. लक्ष्मणरावांनी ते दोन माणसांपुरते तरी काम देऊन तोडले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियमही त्यांनी घालून दिला होता. १९१० च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात हे सोपे नव्हते. पण त्यात कारखानदाराचा शहाणपणाही आहे. एकाच साच्यावर काम करणाऱ्या दोघांनी एकमेकांना शिवायचे नाही म्हटले, तर भट्टीतला रस थांबून राहत नाही. याच औंध संस्थानात पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, जिच्यावरून व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये तो पाहाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

तोफांचे नांगर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे अडले, त्यामुळे मागणी वाढली. पण परदेशी लोखंड आणि कोळसाही अडला. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा लोखंडासाठी दिल्या. गडावर गंजत पडलेल्या तोफा वितळून त्यांचे नांगर झाले. आपल्या इतिहासात इतका सुंदर प्रसंग दुसरा क्वचितच सापडेल.

पण यात एक गोष्ट नजरेआड होते. ठरावीक माल ठरावीक पद्धतीने ओतणाऱ्याला असे काही करता येत नाही. भंगार बदलले, इंधन बदलले की भट्टीचा सगळा हिशेब बदलतो. हे निभावले ते माळावर तयार झालेल्या माणसांमुळे. बाहेरून भाड्याने आणलेला मिस्त्री अडचण आली की गाठोडे बांधून जातो. इथे घर, शाळा, शेजार सगळे वाडीतच होते.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. त्यातून पुढे किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही मासिके घरोघरी गेली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकले आणि १९२६ मध्ये परत आले. नांगर आणि चरकापाठोपाठ पंप आले, मग यंत्रे बनवणारी यंत्रे. १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. ज्या माळावर एके काळी बोल्टाचे भोक जुळवणे हीच परीक्षा होती, त्याच माळावरच्या उद्योगाने लेथ बनवण्यापर्यंत मजल मारली. मशीन टूल बनवणे म्हणजे काय, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. त्यातली चूक त्या यंत्रावर होणाऱ्या प्रत्येक कामात उतरते.

दुसरी बाजू

नुसती स्तुती करून लेख संपवला तर तो शाळेतल्या जयंतीच्या भाषणासारखा होईल. काही प्रश्न विचारायलाच हवेत.

एक म्हणजे, असे शिक्षण मालकाच्या मनावर अवलंबून असते. मालक लक्ष्मणराव असेल तर ठीक. नसेल तर शिकाऊ या गोंडस नावाखाली स्वस्तात राबवून घेणेही होऊ शकते, आणि आजही होते. दुसरे, घर मालकाचे, काम मालकाचे, शाळाही मालकाच्या वसाहतीतली, अशा ठिकाणी कामगाराला नाही म्हणणे अवघड जाते. तिसरे, कारखान्यात मिळालेल्या कौशल्याचा कागद कुणी देत नव्हते. दुसरीकडे जायचे तर हातातली कला सिद्ध करायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणूनच स्वतंत्र भारतात हे काम एकट्या मालकावर न सोडता सरकारने हातात घेतले. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय आल्या, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला.

पण मग व्हायला लागले उलटेच. कागद मिळतो, हात तयार होत नाही. आयटीआयमध्ये जुनी यंत्रे, कंपनीत नवी. कंपनी म्हणते तयार माणूस द्या, संस्था म्हणते तयार करायला यंत्र द्या. या ओढाताणीत गावातला मुलगा मधल्यामध्ये लटकतो आणि शेवटी त्याच्यावरच शिक्का बसतो, की लोकल पोरांना काम येत नाही. लक्ष्मणरावांच्या वाडीत ही दोन टोके एकाच छपराखाली होती. शिकवणारा आणि कामाला लावणारा एकच होता, त्यामुळे कच्चा माल खराब अशी सबब त्याला सांगता येत नव्हती.

अखेर

लक्ष्मणरावांच्या उतारवयात एक मोठा घाव बसला. जानेवारी १९४८ अखेर गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. ज्या माणसाने जात न बघता माणसे उभी केली, त्याच्या कारखान्याला जातीच्या रागातून आग लागली. पण यंत्रे जळाली तरी ती चालवणाऱ्यांच्या हातातली कला जळत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही किर्लोस्करवाडीत पंप बनतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. वय ८७. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपण इंजिनिअरिंगची मुले. चार-पाच वर्षांत आपल्यापैकी कुणी जी.ई.टी. होईल, कुणी शिफ्ट इंचार्ज. हाताखाली दहा-वीस ऑपरेटर असतील, बहुतेक आसपासच्या गावांतले. त्यातल्या एखाद्याला ड्रॉइंग वाचता येणार नाही, एखादा व्हर्नियर उलटा धरेल. त्या वेळी वैतागून एचआरला बाहेरचा माणूस पाठवायला सांगणे सोपे आहे. पण पुण्याहून किंवा सांगलीहून रेल्वेने येताना किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडी थांबली, तर एकदा खिडकीतून बाहेर पाहा. तिथे शंभर वर्षांपूर्वी निवडुंगच होता. शिफ्ट संपल्यावर पंधरा मिनिटे त्या ऑपरेटरजवळ थांबून व्हर्नियर कसा वाचतात ते दाखवायला पदवी लागत नाही आणि बजेटही लागत नाही. आणि हो, ते दाखवता यायचे असेल तर जी.टी. मारणे आधी आपल्याला बंद करावे लागेल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी